अजान कानात दिली, पण बाळाला ऐकू आली का?

बाळ जन्मलं की घरातले वडीलधारे त्याच्या उजव्या कानात अजान देतात. त्याच दिवसांत आणखी एक प्रश्न विचारायला हवा: बाळाला ऐकू येतंय ना?

आम्ही शिक्षक. वर्गात हाक मारूनही मूल वळत नाही, तेव्हा आधी ते 'लक्ष देत नाही' म्हणून ओरडा खातं. ऐकू कमी येतं हे नंतर कळतं. तोवर बोली शिकण्याची मोलाची वर्षं निघून गेलेली असतात.

हजारात साधारण एक ते तीन बाळांना जन्मापासून कमी ऐकू येतं. वरून काहीच दिसत नाही. टाळी किंवा थाळी वाजवून पाहणं पुरेसं नाही, कारण बाळ हालचालीनेही दचकतं.

खरी तपासणी म्हणजे ओएई. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोक ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान ठीक असेल तर तिथून अगदी क्षीण आवाज परत येतो, तो यंत्र टिपतं. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम.

'रेफर' लिहून आलं तर घाबरू नका. नव्या बाळाच्या कानात पाणी किंवा चिकटा असला तरी तसं येतं. पण दुसऱ्या तपासणीला जायलाच हवं. गरज पडल्यास 'बेरा' करतात. त्यात आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते कळतं. काचेत ठेवलेलं बाळ, तीव्र कावीळ, घरात कुणाला लहानपणापासून बहिरेपणा, नात्यातलं लग्न, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

हिशोब सोपा आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

मनोरीहून मार्वेची बोट धरून खाडीपलीकडे बाळंतपणाला जाणाऱ्यांना पुन्हा फेरी जड जाते. म्हणून डिस्चार्जआधीच विचारा, "कानाची तपासणी झाली का?" कागद लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा. तिथे सोय नसेल तर वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांच्या नावाची ही केंद्र सरकारची संस्था याच कामासाठी आहे.

तपासणी पास झाली तरी लक्ष असू द्या. वर्ष उलटूनही 'अम्मी', 'अब्बा' येत नसेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत थांबू नका.