बत्तीस अँगस्ट्रॉमचा प्रवास

पेशी दुभंगायची तर आधी तिच्या डीएनएची दुसरी प्रत व्हावी लागते. त्या प्रतीचा कच्चा माल नव्याने तयार करणारं एन्झाइम जीवाणूंपासून माणसापर्यंत एकाच कुळातलं आहे: रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. आरएनएच्या घटकातल्या शर्करेवरचा एक हायड्रॉक्सिल गट काढायचा आणि तिथे हायड्रोजन बसवायचा, एवढंच त्याचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण साध्या मार्गाने हे होत नाही. त्यासाठी एन्झाइमला मुक्त मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा अणुगट, वापरावा लागतो. पेशीत मुक्त मूलक मोकाट सुटले तर नासधूस करतात; इथे मात्र तेच कामाला जुंपलेले आहेत.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा घरोघरी माहीत असलेला आजार आहे. त्यावर दिलं जाणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच एन्झाइममधला मूलक विझवतं. म्हणजे हे यंत्र आपल्या दवाखान्यांपासून फार लांब नाही.

एन्झाइमचा शोध स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत पीटर रायखार्ड यांच्याकडे लागला. १९७२ मध्ये एहरेनबर्ग आणि रायखार्ड यांनी त्यात मूलक असल्याचं दाखवलं. तो नेमका कुठे बसला आहे, हे ठरवण्यासाठी ब्रिट-मारी श्योबर्ग आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं टायरोसिन हे अमिनो आम्ल जीवाणूंना पुरवलं. मूलकाच्या चुंबकीय वर्णपटाच्या रेषा बदलल्या आणि मूलक टायरोसिनवरच आहे हे सिद्ध झालं. बदललेलं अमिनो आम्ल हाताशी धरून एन्झाइमच्या पोटात डोकावण्याचा मार्ग तिथूनच खुला झाला.

पण खरा पेच पुढे होता. ई. कोलाय जीवाणूतलं हे एन्झाइम अल्फा आणि बीटा अशा दोन भागांचं असतं. मूलक बीटामध्ये १२२ क्रमांकाच्या टायरोसिनवर, दोन लोह अणूंच्या शेजारी. रासायनिक क्रिया मात्र अल्फामध्ये, ४३९ क्रमांकाच्या सिस्टीनपाशी. मधलं अंतर तेव्हाच्या अंदाजाने सुमारे ३५ अँगस्ट्रॉम. एका उडीत इलेक्ट्रॉनने एवढं अंतर तोडायचं म्हटलं तर एन्झाइमचा प्रत्यक्ष दिसणारा वेग कधीच जमला नसता. १९९४ मध्ये उह्लिन आणि एकलुंड यांनी स्फटिकरचनेवरून मधल्या अमिनो आम्लांची साखळी सुचवली: बीटातलं ट्रिप्टोफॅन ४८ आणि टायरोसिन ३५६, मग अल्फातली टायरोसिन ७३१ व ७३०, शेवटी सिस्टीन ४३९. स्लॅब टाकताना माणसांची रांग हातोहात घमेली पुढे सरकवते, तसा हा प्रकार.

रांग खरी की कागदावरची? जुनी पद्धत म्हणजे टायरोसिन काढून फिनाइलअॅलनिन बसवायचं. दोघांत फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा. पण तो गट गेला की एन्झाइम ठप्प. जागा आवश्यक आहे एवढं कळतं. तिथे नेमकं काय घडतं ते कळत नाही. बंद पडलेलं यंत्र बोलत नाही.

एमआयटीतल्या जोॲन स्टब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी, डॅनियल नोसेरा यांच्या साथीने, दुसरी वाट धरली: टायरोसिन काढायचं नाही, थोडंसं बदलायचं. त्याच्या कड्यावरच्या हायड्रोजनऐवजी फ्लोरिन घातलं की आकार जवळपास तोच राहतो, पण स्वभाव बदलतो. साध्या टायरोसिनचा पीकेए, म्हणजे प्रोटॉन सोडण्याच्या तयारीचा आकडा, १० च्या आसपास; फ्लोरोटायरोसिनांचा ५.६ ते ८.४. इलेक्ट्रॉन सोडायची तयारीही प्रत्येकाची वेगळी. ही अमिनो आम्लं प्रयोगशाळेत बनवायलाही एक एन्झाइमच मदतीला येतं. टायरोसिन फिनॉल लायेज नावाचं हे एन्झाइम फ्लोरोफिनॉल, पायरुव्हेट आणि अमोनिया यांची जोडणी करतं.

आता ही बदललेली अमिनो आम्लं हव्या त्या जागी बसवायची कशी? ३५६ ही जागा बीटाच्या ३७५ अमिनो आम्लांच्या साखळीत शेपटीजवळ. म्हणून शेपटीचा तुकडा रासायनिक पद्धतीने बनवून उरलेल्या प्रथिनाला जोडता आला. बाकीच्या जागांसाठी पीटर शुल्ट्झ यांचं तंत्र कामी आलं. जनुकातल्या यूएजी या पूर्णविरामाच्या संकेतावर नवं अमिनो आम्ल आणून ठेवणारी यंत्रणा त्यांच्या गटाने २००१ मध्ये ई. कोलायमध्ये चालवून दाखवली होती. त्यासाठी उसना घेतलेला आरएनए आणि त्याचं एन्झाइम समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यातल्या एका सूक्ष्मजीवाचे.

अमिनोटायरोसिन हे त्या संचातलं गुणी साधन. त्याचं ऑक्सिडीकरण टायरोसिनपेक्षा सोपं, म्हणून मूलक त्याच्यापाशी येऊन अडकतो आणि वर्णपटात स्पष्ट दिसतो. ३५६, ७३१, ७३० या तिन्ही जागी असा मूलक पकडला गेला. रांग कागदावरची नव्हती.

मला सर्वांत देखणा वाटतो तो नायट्रोटायरोसिनचा प्रयोग. १२२ व्या जागी हे बसवलं की तिथला मूलक नेहमीपेक्षा जहाल होतो. एका पिचकारीत हे बीटा, दुसरीत अल्फा आणि बाकीचा माल. दोन्ही एकदम मिसळायचे आणि ४३० नॅनोमीटरवर नजर ठेवायची. क्षपण झालेलं नायट्रोटायरोसिन पिवळं असतं. तो पिवळा रंग काही मिलिसेकंदांत उमटला. एन्झाइम एरवी सेकंदाला दोन ते दहाच फेऱ्या करतं, पण आतलं रसायन त्याहून कितीतरी वेगवान निघालं. वेळ खाते ती प्रथिनाच्या आकारातली हालचाल. ती झाल्याशिवाय मूलकाला वाट मिळत नाही. सुट्या मूलकाचा धोका पाहता हा पहारा शहाणपणाचा म्हणायला हवा. या बदललेल्या एन्झाइमची फेरी मात्र एकच, कारण मूलक मूळ जागी परतू शकत नाही.

अल्फा-बीटा जोडी क्षणभर जमते आणि सुटते, त्यामुळे तिचं काम करतानाचं रूप कुणाच्या हाती लागत नव्हतं. बीटाची शेपटी तर स्फटिकात दिसतच नसे, आणि ३५६ नेमकं तिच्यातच. १२२ वर तीन फ्लोरिनांचं टायरोसिन आणि ५२ व्या जागी ग्लुटामेटऐवजी ग्लुटामिन घातल्यावर ही जोडी धरून ठेवता आली. २०२० मध्ये कॅथरिन ड्रेनन आणि स्टब यांच्या गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तिची रचना प्रसिद्ध केली. त्यात ३५६ आपल्या जागी दिसलं, आणि संपूर्ण वाट ३२ अँगस्ट्रॉमची भरली.

ट्रिप्टोफॅन ४८ वर मूलक येतो का, याचा थेट पुरावा मात्र अजून मिळायचा आहे.