मोर, रांजणखळगे आणि चुलीवरची भाकरी

पौषात ज्वारीची कणसे हुरड्यावर येतात आणि मुले मागे लागतात, ‘कुठेतरी जाऊ या!’ वाचकहो, लांबच्या यात्रेला पैसा व सवड नसेल, तर एका दिवसाची ही सहल ध्यानात ठेवा.

भल्या पहाटे निघून पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली गाठावी. मोर सकाळी आणि सायंकाळी शेतात उतरतात. उन्हे चढली की झाडीत शिरतात. मात्र मुलांना आधीच सांगावे, फुललेला पिसारा पावसाळ्याचा. पुढे तो झडतो आणि हळूहळू नवा येतो.

येथील काही शेतकरी कुटुंबे पाहुण्यांची सोय करतात. अंगणात हुरडा, मग चुलीवरची बाजरीची भाकरी, पिठले आणि ठेचा. आग्रह घरच्यासारखाच! पण त्यामागे घरच्या बाईची पहाटेपासूनची मेहनत असते. आपण शेतमालाला भाव मागतो. तिच्या भाकरीचा भाव करताना घासाघीस करू नये. येण्याआधी कळवावे, म्हणजे तिचे अन्न वाया जात नाही.

दुपारी गावातलाच जाणता माणूस सोबत घेऊन निघोजला जावे. हे गाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यात आहे. कुकडी नदीच्या पात्रात काळ्या बेसॉल्ट खडकाला रांजणासारखे खोल खळगे पडले आहेत. हे काम कोणा पाथरवटाचे नव्हे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे खाचेत गरगर फिरतात, जात्यासारखा खडक घासतात आणि हजारो वर्षांत खाचेचा रांजण होतो. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे.

वाटाड्या कशाला, असे कोणी म्हणेल. खळग्यातले पाणी संथ दिसते, पण तळ दिसत नाही. कडा गुळगुळीत, पाय घसरला तर धरायला काही नाही. कोठवर जावे आणि कोठे थांबावे, हे नदीकाठी वाढलेल्यालाच ठाऊक. त्याने ‘बस’ म्हटले की थांबावे. पावसाळ्यात किंवा पाणी सोडले असताना पात्रात उतरूच नये.

आणि परतताना एक विचार करावा. आपल्याही गावाला एखादा ओढा, डोंगर, जुनी देवराई असेल. चूल तर घरोघर आहे. चार पाहुणे जेवले, तर घरच्या बाईच्या हाती चार पैसे येतील, नाही का?