घरबसल्या इतिहासाचं एम.ए. करावं का?

नोकरी किंवा संसार सांभाळून इतिहासात एम.ए. करू पाहणारा माणूस सगळ्यात आधी विचारतो ते हे, की ही पदवी चालते का. चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि 2022 मध्ये आयोगानं हे पुन्हा स्पष्ट केलं. नेट, सेट, पीएच.डी.चा प्रवेश यांसाठी ती ग्राह्य असते. तेव्हा खल करायचा तो मान्यतेवर नाही. ही पदवी आपल्याला कशासाठी हवी आहे आणि ती जे देत नाही ते आपण स्वतः मिळवणार आहोत का, यावर करायचा.

तरी मान्यतेची खातरजमा स्वतः करा. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या वर्षासाठी, कोणता अभ्यासक्रम चालवायची परवानगी आहे याची यादी असते. नुसतं विद्यापीठाचं नाव पाहून थांबू नका, विषय आणि सत्रही पाहा. 2024 पासून अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी काढावा लागतो. तो काढताना ही यादी आपसूक नजरेखालून जाते. एखादा एजंट ‘परीक्षा आम्ही बघून घेतो’ किंवा तीन वर्षांच्या पदवीवर ‘एका वर्षात एम.ए.’ म्हणाला, तर तिथून उठून यावं. फ्रँचायझी देऊन अशी केंद्रं चालवायला नियमांत मुभाच नाही.

दूरस्थ आणि ऑनलाइन हे आयोगाच्या लेखी दोन वेगळे प्रकार आहेत. दूरस्थमध्ये छापील स्वयंअध्ययन साहित्य, अधूनमधून संपर्क वर्ग आणि केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा असते. ऑनलाइनमध्ये व्हिडिओ व्याख्यानं, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंचाचण्या संगणकावरच होतात. इतिहासासाठी मला दूरस्थ प्रकार उजवा वाटतो. व्हिडिओ ऐकून इतिहास समजल्यासारखा वाटतो, पण त्यातला युक्तिवाद पकडायला पान मागेपुढे करावं लागतं, समासात लिहावं लागतं. आपल्याकडे 1971 पासून दूरस्थ शिक्षण देणारं मुंबई विद्यापीठाचं केंद्र आहे आणि 1985 मध्ये स्थापन झालेलं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आहे. इग्नूचं साहित्य इंग्रजी आणि हिंदीत मिळतं. मराठीतून लिहायचं असेल तर राज्यातल्या विद्यापीठांकडे आधी चौकशी करावी. अभ्यासक्रमाची यादीही नीट वाचावी. इग्नूचा रोख भारतीय आणि जागतिक पटावर आहे. राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था, पर्यावरण, नागरीकरण असे विषय तिथे भेटतात. फक्त मराठेशाही शिकायच्या ओढीनं जाणाऱ्याचा विरस होईल.

आता वेळेचा हिशेब. हा फारसं कुणी मांडत नाही, आणि बहुतेक प्रवेश इथेच गळतात. इग्नूच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. 64 क्रेडिटचं एम.ए. धरलं तर 1,920 तास झाले. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला साधारण साडेअठरा तास लागतात. म्हणजे रोज अडीच तासांहून अधिक, आणि त्यात दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा काहीच वगळलेलं नाही. पण हेच चार वर्षांत पूर्ण करायची मुभा असते, मग आठवड्याला नऊ-सव्वानऊ तास पुरतात. नोकरी करणाऱ्यानं पहिल्यापासून तीन वर्षं धरून चालावं. दोन वर्षांचा हट्ट धरला की स्वाध्याय बाजारातल्या गाइडमधून उतरवले जातात. त्या स्वाध्यायांना 30 टक्के गुण असतात आणि इग्नूला ते हातानं लिहिलेले लागतात. उतरवून पास होता येतं, पण वसाहतवादी आणि राष्ट्रवादी इतिहासलेखनातला फरक स्वतःच्या शब्दांत मांडताना जी डोकेफोड होते, तिच्यासाठीच तर एवढा खटाटोप असतो.

नोकरीसाठी करणार असाल तर चित्र पुरतं पाहून घ्या. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला एम.ए.ला 55 टक्के (आरक्षित प्रवर्गांना 50) आणि नेट किंवा सेट लागते. सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी घेतं. या परीक्षांत बसलेल्यांपैकी जेमतेम सहा टक्क्यांना पात्र ठरवायचं धोरण आहे. पात्र ठरल्यावरही कायम पदाची जाहिरात निघेपर्यंत अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर शिकवण्यात जातात, हे त्या वाटेनं गेलेल्या कुणालाही विचारा. संशोधनवृत्तीच्या जेआरएफला खुल्या गटात तिशीची वयोमर्यादा आहे. महिला आणि आरक्षित गटांना सवलत आहे, पण चाळिशीत एम.ए. करणाऱ्यानं ती वाट धरू नये. कनिष्ठ महाविद्यालयासाठी बी.एड. वेगळं करावं लागतं. यूपीएससीला कोणतीही पदवी पुरते, इतिहास वैकल्पिक विषय घ्यायलाही एम.ए. लागत नाही, मग तेवढ्यासाठी ही दोन-तीन वर्षं घालू नयेत. याउलट आधीच शाळेत इतिहास शिकवणारी व्यक्ती, पत्रकार, गाइड, संग्रहालयात काम करणारे, किंवा पुढे अर्धवेळ पीएच.डी. करायची म्हणून पायरी हवी असलेले, यांना या पदवीचा खरोखर उपयोग होतो. पीएच.डी. मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन करता येत नाही, हे आत्ताच ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि निव्वळ आवडीसाठी? आवड असेल तर मी हो म्हणेन, पण एका अटीवर. घरबसल्या एम.ए. तुम्हाला वाद शिकवतं, साधनं हाताळायला शिकवत नाही. पुणे पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. कापडात बांधलेल्या कागदांच्या या गठ्ठ्यातला एखादा कागद समोर आला की आधी मोडी वाचावी लागते. ओळ सलग धावते, शब्द कुठे तुटतो ते सरावानं कळतं. मग तारीख. कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून सुहूर सन 1161. हे वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून त्यातल्या पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांना 599 मिळवायचे आणि पुढच्या महिन्यांना 600. आलं 1760-61, म्हणजे पानिपताचं साल. एवढं केल्यावर पत्र जानेवारीतल्या लढाईच्या आधीचं की नंतरचं, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच्या उत्तरावर पत्राचा सगळा अर्थ फिरू शकतो. हे कोणत्याही पदव्युत्तर पुस्तिकेत बसल्या जागी येत नाही. नियमित विभागात निदान शेजारी बसून चूक दाखवणारे शिक्षक असतात. घरी ती सोय आपणच करायची. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि 1910 मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ आणि प्रबंधांचं ‘शोधगंगा’ घरून पाहता येतं. गोव्यात राहणाऱ्यांना पणजीचं पुराभिलेखागार जवळ आहे, तिथे पोर्तुगीज भाषा कामी येईल.

आपल्याकडच्या मोठ्या कामांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. वासुदेवशास्त्री खरे मिरजेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांच्या दफ्तरातून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा केला. गो. स. सरदेसाई बडोद्यात सयाजीरावांच्या चाकरीत होते आणि पुढे पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड त्यांनी संपादित केले. त्यांना कागदाची सवय होती. आज विद्यापीठात पुढे जायचं तर पदवी लागते, म्हणून दोन्ही हवं.

ठरवण्यापूर्वी एक चाचणी मात्र करा. तिला एक रुपयाही लागत नाही. इग्नूचं साहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर मोफत आहे. तिथून इतिहासलेखनाच्या पत्रिकेतला एक खंड उतरवून घ्या, कारण या विषयातला सर्वांत कोरडा आणि सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. महिनाभर, जेवढे तास खरोखर मिळतात तेवढेच, तो वाचा. शेवटी एक दीर्घ प्रश्न घेऊन पुस्तक मिटून हातानं उत्तर लिहा आणि इतिहास शिकवणाऱ्या ओळखीच्या कुणाला तरी दाखवा. महिन्यात किती तास निघाले ते वहीत टिपून ठेवा. आठवड्याला नऊ तासही निघाले नसतील, तर यंदा प्रवेश घेऊ नका, मोडीचा वर्ग लावा. निघाले असतील आणि लिहिताना पुढचा खंड उघडावासा वाटला असेल, तर प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी होतात. अर्ज भरताना पदवीच्या गुणपत्रिका आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेवढं आधी पाहून घ्या.