बंब, सिलिंडर आणि वीज : जबलपुरातील कढत पाण्याचा मागोवा

जबलपुरात खोली तापवण्याची गरज मुख्यतः डिसेंबर-जानेवारीपुरती असते. कढत पाणी मात्र दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून होळीपर्यंत लागते. ऐन थंडीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास असते आणि लाट आली की त्याहून बरेच खाली जाते. एवढ्या थोड्या दिवसांसाठी घरभर नळ्यांतून उष्णता फिरवणारी व्यवस्था येथे कोणी उभारली नाही. निवडीचा प्रश्न आला तो न्हाणीघरात, आणि त्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती : आग घरात कुठे ठेवायची?

जुन्या घरांत तिची जागा परसात होती. जबलपुरावरचा नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ मध्ये संपला, तरी पुढे १८६१पासून १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात राहिले, आणि नोकरी-बदलीच्या वाटेने मराठी कुटुंबे येथे येत राहिली. त्यांच्या घरांत चुलीच्या वैलावर पाण्याचे भांडे असे आणि परसात तांब्याचा बंब. बंबाची रचना फार शहाणपणाची आहे. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी असल्याने आगीची उष्णता चहूबाजूंनी पाण्यालाच मिळते. वरून गार पाणी ओतले की तेवढेच कढत पाणी तोटीतून घंगाळात उतरते आणि मग त्यात विसण घालायचे. धूर डोळ्यांना झोंबे, पण तो उघड्यावर जाई. घात होई तो रात्री, धगधगती सिगडी निजायच्या खोलीत आणून दारे लावून घेतली की. कोळसा अपुरा जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपेतल्या माणसाला कळतही नाही.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या मध्य प्रदेशात विद्युत मंडळाचे मुख्यालय जबलपुरात राहिले. वीज हा या शहराच्या रोजच्या बोलण्यातला विषय झाला तो त्यामुळेही. बादलीत सोडायचा रॉड स्वस्त म्हणून घरोघर गेला, पण तो धोक्याचाही होता : बटण बंद न करता पाण्यात हात घातला आणि रॉड सदोष असला, तर झटका थेट शरीराला. पुढे टाकीचा गीझर आला. मात्र नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले, कोरबाची मोठी वीजकेंद्रे तिकडे गेली आणि मध्य प्रदेशावर लांबलचक भारनियमनाची वेळ आली. २००३च्या विधानसभा निवडणुकीत वीज हा कळीचा मुद्दा होता. पहाटे दिवे जाणाऱ्या घरात गीझरचा उपयोग रात्रीच टाकी तापवून ठेवण्यापुरता उरला.

या काळात गॅस गीझरचे आकर्षण वाढणे स्वाभाविक होते. घरगुती गॅस भारतात १९५५ मध्ये मुंबईत आला. इंडेनचा सिलिंडर घरांत पोहोचू लागला तो १९६५पासून. पण पुढची कित्येक वर्षे जोडणीसाठी रांग असे, आणि मिळालेला सिलिंडर स्वयंपाकालाच पुरवून वापरावा लागे. जोडण्या सुलभ झाल्यावर गॅस न्हाणीघरापर्यंत पोहोचला. ठिणगी साध्या सेलवर पडते, त्यामुळे वीज गेली तरी पाणी तापते, आणि तोटी सोडताच तापते. अट एवढीच की पाण्याला पुरेसा दाब हवा. छतावरची टाकी न्हाणीघराच्या जेमतेम वर असेल, तर ज्योत पेटतच नाही.

मात्र सिगडीची जुनी चूक येथे नव्या रूपात परतली. छोट्या, बंद न्हाणीघरात गीझर भिंतीवर लावला की ज्योत खोलीतलाच प्राणवायू खाते आणि तोच विषारी वायू साचू लागतो. अशा उपकरणांसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे, पण मानकाची खूण खिडकीचे काम करू शकत नाही. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि फक्त पाण्याची नळी आत न्यावी. हा सल्ला कितीही वेळा सांगितला तरी कमीच आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये अनुदानित सिलिंडर वर्षाला सहावर आले. ही मर्यादा पुढे नऊ आणि मग बारा झाली, तरी आंघोळीला गॅस जाळताना गृहिणी हिशेब करू लागली.

हिशेब असा मांडता येतो. एक बादली, म्हणजे वीस लिटर पाणी १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. टाकीतून निसटणारी उष्णता धरली तर ०.६ युनिट. तेवढ्याच कामाला गॅस गीझर सुमारे ५० ग्रॅम गॅस घेतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये २८० बादल्या, आणि विजेत त्यांची किंमत सुमारे १७० युनिट. सिलिंडरच्या भावाला १७०ने भागून येणारा आकडा घरच्या युनिट-दरापेक्षा मोठा असेल, तर वीज स्वस्त.

मध्य प्रदेशात मात्र या भागाकारात आणखी एक आकडा येतो. २०१९पासूनच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिल्या १०० युनिटांचे बिल १०० रुपये येते. रोज चार बादल्यांना महिन्याला सत्तरेक युनिट लागतात. पंखे बंद असलेल्या हिवाळ्यातही एवढा भर पडला, की एरवी ऐंशी-नव्वद युनिट जाळणारे घर १५०ची रेषा ओलांडते आणि सवलतच जाते. अशा घराला सिलिंडर परवडतो. मुळातच दोनशेच्या पुढे असलेल्या घराला हे गणित लागू नाही.

वीज न्हाणीघरात धूर करत नाही, पण आग संपलेली नसते. राज्याची बरीच वीज बिरसिंगपूर, सारणी, चचाई येथे कोळसा जाळूनच येते, आणि तेथे कोळशातील उष्णतेचा जेमतेम एक-तृतीयांश भाग विजेत उतरतो. पाणी तापवण्यासाठी एवढा फेरा घेण्यापेक्षा गॅस थेट जाळणे इंधनाच्या दृष्टीने काटकसरीचे ठरते. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत मात्र तीन किलोवॉटच्या छतावरील सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. छत स्वतःचे असलेल्या कुटुंबासाठी त्यामुळे पारडे विजेकडे झुकते, विशेषतः जबलपूरच्या हिवाळी उन्हात. भाड्याच्या घरात आणि सदनिकेत निवड अजून सिलिंडर आणि मीटर यांच्यातच आहे.