पानाच्या माथ्यावर काय लिहावं?

देवगडच्या एखाद्या बागायतदाराने वेबसाइट करून घेतली, हापूसच्या पेट्यांचे फोटो टाकले, भाव लिहिले. पण गूगलवर शोधलं तर साइट सापडतच नाही. अशा वेळी ‘मेटा टॅग टाका, वर येईल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

मेटा टॅग म्हणजे पानाच्या कोडमध्ये, अगदी माथ्यावर, त्या पानाविषयी लिहिलेली माहिती. ती पानावर दिसत नाही. ब्राउझर आणि सर्च इंजिन, म्हणजे शोधयंत्र, ती वाचतात. विंडोज संगणकावर क्रोममध्ये पान उघडून ‘कंट्रोल’ आणि ‘यू’ एकत्र दाबलं, की आपल्यालाही ती वाचता येते.

सर्वांत आधी तिथे ‘नोइंडेक्स’ हा शब्द शोधा. ‘हे पान निकालांत दाखवू नका’ असा त्याचा अर्थ. साइट अर्धवट असताना तो मुद्दाम लावतात आणि काम झाल्यावर काढायचा विसरतात. वर्डप्रेसची साइट असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’ भागात शोधयंत्रांना थोपवणाऱ्या चौकटीत खूण राहिलेली असते. ती एक खूण राहिली, तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून साइट करून देणाऱ्याला हे स्पष्ट विचारा, संकोच करू नका.

मग शीर्षक, म्हणजे ‘टायटल’. काटेकोरपणे पाहिलं तर हा मेटा टॅग नव्हे, पण राहतो त्यांच्याच शेजारी, आणि क्रमवारीला या सगळ्यांत खरा हातभार याचाच. पुष्कळ साइटवर इथे नुसतं ‘होम’ असतं, किंवा सगळ्या पानांना एकच शीर्षक. त्याऐवजी ‘देवगड हापूस, पाच डझनाची पेटी, पुण्यात घरपोच’ असं त्या त्या पानाचं नेमकं नाव द्या. गिऱ्हाईक जे शब्द टाइप करील तेच वापरा. ‘हापूस हापूस आंबा हापूस’ अशी भरताड मात्र नको. असं शीर्षक गूगल बदलूनही दाखवतं.

त्यानंतर ‘डिस्क्रिप्शन’, म्हणजे पानाचं थोडक्यात वर्णन. याने क्रमांक वर जात नाही, हे नीट लक्षात घ्या. निकालात शीर्षकाखाली दिसणारा मजकूर गूगल पुष्कळदा पानातूनच उचलतं, कधी हे वर्णन घेतं. पण ते वाचूनच माणूस ठरवतो, आत यायचं की नाही. जागेनुसार ते कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं आधी: आंबा कुठला, पिकवला कसा, पोहोचणार कधी. आणि जे पानावर नाही ते वर्णनात लिहू नका.

‘कीवर्ड्स’ या टॅगवर वेळ घालवू नका. शब्दांच्या त्या यादीचा इतका गैरवापर झाला, की क्रमवारीसाठी आपण ती पाहत नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९मध्येच जाहीर केलं. ती भरून देण्याचे कोणी वेगळे पैसे मागत असेल, तर देऊ नका.

‘व्ह्यूपोर्ट’ हा टॅग आहे ना, तेवढं पाहा. तो नसेल तर मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात.

शेवटी ‘गूगल सर्च कन्सोल’ या मोफत साधनात पानाचा पत्ता टाकून ते पुन्हा तपासण्याची विनंती करा. बदल दिसायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. त्यामुळे पेट्या भरायच्या धांदलीत नको. झाडांना मोहोर येतो तेव्हाच हे काम उरकून घ्या.