दिएपचा खंजीर, पण मूठ नंतरची!

ऑनसाइटला गेलेली पोरं पैसे कशावर उडवतात? कुणी भारीतला कॅमेरा घेतं, कुणी वीकएंडला पॅरिस-ॲमस्टरडॅम करून येतं. मी दोन वर्षं इंग्लंडात, लीड्सला होतो आणि माझे पौंड गेले खंजिरांवर. हसू नका. आमच्या फ्लॅटवर हसून झालंय सगळ्यांचं.

याला कारण तिथला पाऊस. अशाच एका ओल्या रविवारी टाइमपास म्हणून रॉयल आर्मरीजमध्ये शिरलो. १९९६ साली उघडलेलं हे शस्त्रांचं अवाढव्य म्युझियम, आणि एंट्री चक्क फुकट! बाहेर पडलो तेव्हा डोक्यात खूळ शिरलं होतं. महिन्याभरात मी रात्री जेवणानंतर सिरियल्सऐवजी जुन्या लष्करी वस्तूंचे ऑनलाइन लिलाव बघायला लागलो.

आणि तिथे भेटला ‘तो’. फेअरबेर्न-साइक्स. ब्रिटिश कमांडोंचा खंजीर. दुधारी, सडपातळ, सुईसारखा निमुळता. विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स हे दोघं आधी शांघायच्या पोलिसात होते. गल्लीबोळातल्या मारामाऱ्यांमधून जे शिकले, ते १९४० मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांनी कमांडोंना शिकवलं. विल्किन्सन सोर्ड या कंपनीबरोबर बसून खंजीर ठरवला, आणि जानेवारी १९४१ मध्ये पहिले नग तयार झाले.

लिलावातल्या लॉटच्या माहितीत लिहिलं होतं : ‘कमांडो खंजीर, दिएपच्या हल्ल्यात वापरलेला, सैनिकाच्या कुटुंबाकडून.’ सोबत एक पिवळट चिठ्ठी. फोटो तीन, तिन्ही अंधुक. शेवटच्या दोन मिनिटांत बोली अशी चढली की माझ्या हाताला घाम फुटला. १६५ पौंडांना जिंकलो! वर लिलाववाल्यांचं प्रीमियम, त्यावर टॅक्स, वर पोस्टेज. हे बोली लावताना कुणाच्या लक्षात राहतं हो? त्या महिन्यात मी भात-वरणावर होतो, पण उशाशी दिएप होतं.

तीन महिन्यांनी तो खंजीर मी शेफिल्डजवळच्या एका मिलिटरी मेळ्याला घेऊन गेलो. भाव खायला, दुसरं काय! टेबलामागे एक आजोबा होते. त्यांनी खंजीर नुसता उलटा केला आणि विचारलं, ‘‘दिएप कधी झालं?’’

हे मला पाठ होतं. ‘‘१९ ऑगस्ट १९४२.’’

‘‘आणि ही मूठ कधीची?’’

मी गप्प. मग त्यांनी जे सांगितलं, ते खरं तर १६५ पौंड भरायच्या आधी मला माहीत असायला हवं होतं. या खंजिराचे मुख्य नमुने तीन. पहिल्याची मूठ पितळेची, तिच्यावर बारीक चौकडीची नक्षी. मूठ आणि पातं यांच्या मधली आडवी पट्टी इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली, आणि पात्याच्या बुडाशी एक सपाट चौकोन, त्यावर कंपनीचं नाव कोरलेलं. १९४२ मध्ये दुसरा आला. पट्टी सरळ झाली, चौकोन गेला. आणि तिसरा, गोल कंगोऱ्यांची ओतीव मूठ असलेला, आला १९४३ च्या उत्तरार्धात. माझ्या खंजिराला कंगोरे होते! म्हणजे दिएपला हा जन्मलाच नव्हता.

‘‘पण मग नॉर्मंडीला तरी...?’’ माझा केविलवाणा प्रयत्न. आजोबांनी आडव्या पट्टीवर नख ठेवलं. तिथे बारीक अक्षरात ‘इंग्लंड’ असा शिक्का. देशाचं नाव घालतात ते परदेशी विकायच्या मालावर. स्वतःच्याच सैन्याला खंजीर देताना तो कुठल्या देशाचा हे कशाला सांगायचं? असा शिक्का बहुतेक वेळा युद्धानंतरच्या मालावर असतो. शेफिल्डमध्ये युद्ध संपल्यावरही हे खंजीर बनतच राहिले. म्हणजे माझ्याकडे होता तो चक्क एक सुवेनिर.

त्या दिवसापासून मी आधी शब्द वाचतो, मग फोटो बघतो. ‘डब्ल्यूडब्ल्यू-टू स्टाइल’ म्हणजे महायुद्धातला नाही. ‘पॅटर्न’ म्हणजे फक्त त्या घडणीचा. ‘असं समजलं जातं’ यात कोण समजतं, हे कध्धीच लिहिलेलं नसतं. आणि सगळ्यांत डेंजर वाक्य : ‘मला यातलं काही कळत नाही, आजोबांच्या माळ्यावर सापडलं.’ बॉस, ज्याला काही कळत नाही त्याला दिएपचं स्पेलिंग बरोब्बर कसं येतं?

फोटोत झीज शोधायची. खरी झीज हाताच्या सवयीने होते, जिथे बोटं टेकतात तिथे. ॲसिड फासून म्हातारं केलेलं पातं सगळीकडे सारखंच म्हातारं दिसतं. ब्रिटिश सरकारी मालावर असतो तो बाणाचा शिक्का बघून तर मुळीच विरघळू नका. तो ठोकायला एक पंच पुरतो, आणि भाव लगेच वाढतो. म्यानाचा क्लोज-अप मागा. खऱ्या म्यानाला दोन्ही बाजूंना कपड्यावर शिवून टाकायला चामड्याच्या छोट्या पट्ट्या असतात. वस्तू हातात आली की अंधारात यूव्ही टॉर्च मारा. शिवणीचा दोरा निळापांढरा चमकला तर तो आजकालचा. विकणारा जास्तीचे फोटो द्यायला कां-कू करतोय? सोडून द्या. पहिल्या नमुन्याचा खरा खंजीर हजार पौंडांच्या पुढे सहज जातो. तो दीडशेत मिळतोय म्हणजे नशीब फळफळलं असं नसतं.

(आणि हो, हे वाचून कुणी भारतात कुरिअरने मागवायला जाऊ नका. आधी शस्त्र कायदा, १९५९ आणि कस्टम्सचे नियम वाचा. इंग्लंडातही तो घरात ठेवता येतो, खिशात घालून हिंडता येत नाही. मेळ्याला नेला तो गुंडाळून, बॅगेच्या तळाशी.)

परत यायची वेळ झाली तेव्हा प्रश्न आला, या सुवेनिरचं करायचं काय? रूममेट म्हणाला, ‘‘सोप्पंय यार. चिठ्ठी आहे ना तुझ्याकडे? आहे तस्संच लिहून टाक. तुला तरी कुणी खरं सांगितलं होतं?’’ खोटं कशाला बोलू, मी ते टाइपही केलं होतं. दिएप, कुटुंब, सगळं. डिपॉझिट, तिकीट, सामान, हिशेब कुठेच जुळत नव्हता. रात्री दीडपर्यंत ‘सबमिट’कडे बघत बसलो. मग सगळं खोडून लिहिलं : ‘तिसरा नमुना, युद्धानंतरचा, शेफिल्ड, पट्टीवर शिक्का, डाव्या टोकाला खाच.’ चिठ्ठी फाडून टाकली. ३५ पौंड आले.

पुण्यात आल्यावर चार महिन्यांनी, सवयीने एका दुसऱ्याच लिलावाची यादी चाळत होतो. कमांडो खंजीर, दिएप, सैनिकाच्या कुटुंबाकडून. झूम केलं. डाव्या टोकाला खाच. शिक्का घासून काढलेला. बोली १९० वर पोचली होती.

मी लिलाववाल्यांना लांबलचक मेल टाकला. माझे जुने फोटो जोडले, दिएपची तारीख लिहिली, मुठीची लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माझ्या स्वारस्याबद्दल आभार, आणि बोली लावायची असल्यास नोंदणीची लिंक खाली दिली आहे.