कलावंतांचा कौटुंबिक पत्रव्यवहार : संकलन आणि संपादन

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, तर पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे. कवठे महांकाळ ज्या जिल्ह्यात मोडते, त्याची रंगपरंपरा अशी समृद्ध आहे. तिच्या इतिहासलेखनात आठवणी व जाहिराती यांना जे स्थान मिळते, ते कलावंतांच्या घरगुती पत्रांनाही मिळावयास हवे.

हे साधन बहुधा एकांगी स्वरूपात उरते. फिरतीवरील कलावंताने धाडलेली पत्रे घरी राहतात. घरून गेलेली पत्रे मुक्कामागणिक हरवतात. म्हणूनच मनीऑर्डरच्या कुपनावरील दोन ओळीही मोलाच्या ठरतात. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेतलेले असल्यास हस्ताक्षर एकाचे व मजकूर दुसऱ्याचा, हा भेद नोंदवावा.

पत्रावर तारीख नसल्यास टपालखुणा पाहाव्यात. पोस्टकार्ड १८७९ मध्ये, मनीऑर्डर १८८० मध्ये आणि अंतर्देशीय पत्र १९५० मध्ये सुरू झाले. 'नया पैसा' १९५७ चा, पिनकोड १९७२ चा. मात्र पिनकोड नसणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. यास्तव पाकीट पत्रापासून वेगळे करू नये.

कागद पत्र मिळालेल्याचा असला, तरी मजकुराचे स्वामित्व लिहिणाऱ्याकडे व पुढे त्याच्या वारसांकडे असते. छपाईपूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी. कर्ज, आजार, दुरावा यांविषयीचा मजकूर कुटुंबाच्या इच्छेने वगळावा लागला, तर ती जागा चौकटी कंसाने दाखवावी. गाळलेले लपविले, की पत्र साधन न राहता चरित्रनायकाची प्रशस्ती होते.